जाळ्यासोबत पायाचीही डागडुजी करा



आपल्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद. या दोन महिन्यांत आपण जाळी विणतो, डोंगे दुरुस्त करतो. पण ज्या पायावर सगळा धंदा उभा आहे, त्याच्याकडे कोणी बघत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की यंदा पायाचीही डागडुजी करा.

पांढुर्णा असो की सौसर, तलावात उतरणाऱ्याचे पाय तासन्‌तास ओले राहतात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि तीच बुरशी पुढे नखात शिरते. अंगठ्याचं नख पिवळं पडतं, जाड होतं, भुसा पडावा तसं झडतं. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून आपण सोडून देतो. पण हे आपोआप बरं होत नाही, आणि घरच्यांनाही लागू शकतं.

मग काय करतो? मेडिकलवरून मलमाची ट्यूब आणतो. जाड नखातून साधं मलम खाली पोहोचतच नाही. त्यात स्टिरॉइड असलं तर चिखल्यांची खाज थांबते, बुरशी मात्र आतून वाढते. पैसे गेले ते वेगळेच.

दुसरी गोष्ट. प्रत्येक जाड नख बुरशीचंच नसतं. जवळपास निम्म्या लोकांत कारण वेगळं निघतं: जुना मार, घट्ट बूट, सोरायसिस. म्हणून गोळी घेण्याआधी नखाचा खरवडा तपासून घ्या. छिंदवाड्याला किंवा नागपूरला चामडीच्या डॉक्टरकडे ही तपासणी होते.

बुरशीच निघाली तर डॉक्टर बहुतेक वेळा टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी देतात, रोज एक, १२ आठवडे. त्याआधी लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या. दारू, हृदयाचा त्रास, गरोदरपण, चालू असलेल्या गोळ्या, काहीच लपवू नका. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. नवं नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. महिनाभरात फरक दिसला नाही म्हणून गोळी सोडणारेच जास्त, आणि तिथंच इलाज फसतो.

म्हणूनच बंद ऋतू बरा. १२ आठवड्यांपैकी आठ-नऊ आठवडे तलावाच्या पाण्याबाहेर निघतात, पाय कोरडे ठेवता येतात.

पण ज्यांना शुगर आहे त्यांनी जूनची वाट पाहू नये. ब्लेडनं नख कोरायचं नाही. तेवढ्या जखमेतून बोट जाण्याची पाळी येते.

सोसायट्यांनाही आमचं सांगणं आहे. जाळं, बीज, डोंगा यांवर बैठका होतात, तशी एक बैठक पायांसाठी घ्या. जूनमध्ये डॉक्टर बोलवा, सभासद आणि मासोळी विकणाऱ्या बायाबापड्या सगळ्यांचे पाय आणि शुगर एकाच दिवशी तपासा. डॉक्टरच्या फीपेक्षा मजुरी बुडाली तर जास्त जाते, हा हिशोब आपल्याला कळतो.

तोवर घरी एवढं करा: पाण्यातून आलं की बेचके पुसून कोरडे करा, बूट उन्हात उलटे ठेवा, आणि नेलकटर प्रत्येकाचा वेगळा ठेवा.