फेटेवाला कुत्रा



दवाखान्याच्या कामाने नागपूरला, धंतोलीत, आपले येणे होतेच. परतताना लेकरांना काय न्यावे, हा प्रश्न पडतो. यंदा तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीच्या जोडीला तुकडे जुळवायचे लाकडी कोडे द्या. ते घरीही होते.

लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने १७६० च्या दशकात फळीवर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला, मुलांना भूगोल यावा म्हणून. आपण फेटा बांधून बाजेवर ऐटीत बसलेला कुत्रा काढू! चित्र प्लायवूडवर चिकटवा, सुताराकडून १२ मोठे तुकडे कापून घ्या, कडा पॉलिश पेपरने घासा. अगदी तान्ह्यांच्या हाती तुकडे देऊ नका. ते तोंडात घालतात.

शेपटी कानाच्या जागी लागली की पोरे खदखदा हसतील. तेव्हाच सांगा: खरा कुत्रा चावला, नुसते ओरखडले, तरी घरात लपवायचे नाही. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवायची. हळद, तिखट, चुना लावायचा नाही. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करायची व सगळी इंजेक्शने पुरी करायची. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.

आणि दारच्या मोत्यालाही दरवर्षी लस टोचून घ्या.