तलाव त्यांचा, जाळी आपल्या हातात

परवा रात्री भांडी आवरत होते, तेवढ्यात बोरिवलीहून मोठ्या नणंदबाईंचा फोन आला. "अगं, आपल्या वाडीतल्या तुकड्यावर छोटी बंगली बांधायचं ठरवलंय आम्ही. दोन खोल्या, पुढे ओटी आणि मागे एक छोटासा स्विमिंग पूल. मुलं म्हणतात, पूल नसेल तर आम्ही चिंचणीला येणारच नाही."

मी म्हटलं, "छानच की ताई."

मग ते वाक्य आलं, ज्याची मी वाटच बघत होते. "तू तिथेच असतेस. जरा लक्ष ठेवशील ना?"

हे 'जरा लक्ष' काय असतं ते मला पुरतं ठाऊक आहे. आमच्या घरामागे मुंबईच्या एका ओळखीच्या कुटुंबाचा बंगला आहे. त्याच्या किल्ल्या आमच्याकडे, बिलं भरायचं काम माझ्याकडे आणि मागच्या तलावाकडे तीन वर्षं 'जरा लक्ष' माझंच. बचत गटाचं काम करताना हिशेब लिहायची सवय लागली, म्हणून त्या तलावाचीही एक वही ठेवली. ताईंना फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून आज इथे सांगते. कारण हा फोन एकट्या मला येतोय असं नाही. २०१३ साली विरारची लोकल डहाणूपर्यंत आली आणि मुंबईकरांना आमचा किनारा जवळचा झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराचं भूमिपूजन झाल्यापासून तर जमिनीचे दलाल दारात चपला घासतात. (बंदरावर आमच्या घरातच दोन मतं आहेत, ते असो.) जो बंगला उठतो, त्याच्या नकाशात मागे एक निळा चौकोन असतोच.

बांधण्याचा खर्च सगळे विचारतात. मागच्या बंगल्यातल्या तलावाला आठ-नऊ लाख लागले. एकदाच काय ते जातात, असं मालकांना वाटलं होतं. पण तलाव हा फ्रिजसारखा नाही, आणला आणि प्लग लावला. तो दारात बांधलेल्या म्हशीसारखा आहे. दूध देवो न देवो, वैरण रोज लागते.

पाणी स्वच्छ राहायचं तर ते फिरतं ठेवावं लागतं. एक हॉर्सपॉवरची मोटर दिवसातून सहा तास चालते, वाळूच्या गाळणीतून पाणी काढते आणि परत सोडते. दिवसाला पाच-सहा युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. शिवाय वापर वाढला की युनिटचा दरही वरच्या टप्प्यात जातो, हे लाइट बिल भरणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. बिल दोन हजारांनी चढलं. क्लोरीन, आम्लता सांभाळायचं औषध, शेवाळाचं औषध मिळून अडीच हजार. बोईसरहून आठवड्यातून एकदा येणाऱ्या कारागिराचे चार हजार. हे झालं दर महिन्याचं. वर खाऱ्या हवेने मोटर एकदा जळली, तिच्या वाइंडिंगचे सहा हजार. 'कधीच गंजत नाही' म्हणून घेतलेली स्टीलची शिडी दोन वर्षांत तांबूस झाली, ती बदलली नऊ हजारांना. टँकरचं पाणी धरून एका वर्षात एक लाख सत्तावीस हजार रुपये गेले. त्या वर्षी मालक बावीस दिवस येऊन राहिले. भागाकार मी वहीच्या कोपऱ्यात केलाय. एका दिवसाचं पोहणं पावणेसहा हजारांना पडलं, आणि समुद्र घरापासून दहा मिनिटांवर.

"मग पावसाळ्यात कोणी येत नाही तर रिकामा करून ठेवा," असं मालक म्हणाले होते. मलाही ते पटलं. कारागिराने मात्र हात जोडले. म्हणाला, "ताई, असं चुकूनही करू नका." आमच्याकडे किनाऱ्याची रेताड जमीन. पावसात जमिनीखालचं पाणी हातभर खोलीवर येतं. रिकामं पातेलं पाण्यात दाबून धरलं तर ते वर उसळतं ना, तसा रिकामा तलाव खालून ढकलला जातो. तळाला तडे जातात, कधी अख्खी टाकीच उचलली जाते. म्हणजे पोहायला कुणी नसलं तरी तलाव भरलेलाच ठेवायचा, मोटर चालवायची, औषध घालायचं. आणि पावसाच्या प्रत्येक सरीने औषध पातळ होतं, वर चिकूची आणि सुरूची पानं पडतात, दोन दिवस दुर्लक्ष झालं की पाणी हिरवंगार. २०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हापासून तो कारागीर आला की आधी टाइल्सचे सांधे बोटांनी चाचपतो.

आता वैरण घालणारी कोण, ते सांगते. बंगल्यावर राखणदार नवरा-बायको ठेवले होते. पगार त्याचा. ती बरोबर राहते, एवढंच. पण तो गेटवर, बाजारात नाहीतर मालकांच्या गाडीबरोबर. सकाळी उठून लांब दांड्याच्या जाळीने पानं काढायची, कडेचं शेवाळ घासायचं, पाण्याचा नमुना घेऊन त्यात थेंब टाकून रंग बघायचा, हे सगळं तिच्याकडे. क्लोरीनची पावडर ती उघड्या हाताने टाकायची. बोटांची सालं निघाली तेव्हा मला दाखवलं. मी तिच्या खोलीत गेले तर क्लोरीनचा डबा आणि संडास धुवायच्या ॲसिडची बाटली एकाच फळीवर, एकमेकांना खेटून! ही दोन एकत्र सांडली तर विषारी वायू होतो. हे तिला ना मालकांनी सांगितलं होतं ना डबा विकणाऱ्याने. मी त्या दिवशी रबरी हातमोजे आणले आणि ॲसिड दुसऱ्या खोलीत हलवलं. मालकांना फोन करून म्हटलं, तिला वेगळा पगार द्या. "अहो, ते दोघं मिळूनच आहेत ना," असं उत्तर आलं. आपल्यालाही घरात हेच उत्तर मिळत असतं, म्हणून ते जरा जास्तच लागलं. पुढे सहा महिने पाठपुरावा करून तिचे तीन हजार वेगळे सुरू करून घेतले. माझ्या समाजकार्यातलं ते एक छोटंसं यश, पण त्याचा मला फार अभिमान आहे.

त्याआधीच्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली, ती लिहिताना अजून हात थांबतो. तिची चार वर्षांची मुलगी आईच्या मागेमागे असायची. जुलै महिना, तीन दिवस वीज नव्हती, मोटर बंद, पाणी हिरवं. मी वही घेऊन तिथे गेले होते. वहिनी जाळी मारत होती. मागे 'डुबुक' असं काहीतरी झालं. दोघींनी वळून पाहिलं तर कडेला एक चप्पल. पाण्यात काही म्हणजे काही दिसत नव्हतं. उथळ बाजूला साडेतीन फूट पाणी, आपल्या कमरेच्या थोडं वर, पण चार वर्षांच्या पोरीच्या डोक्यावरून जातं. वहिनीला पोहता येत नाही. तिने जाळी टाकली आणि साडीसकट उडी मारली. हात फिरवून फिरवून तिने पोर वर काढली. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचंही नसेल. मुलगी खोकली, ओकली, मग रडायला लागली. ते रडणं ऐकून मी मटकन खाली बसले.

मालकांना सांगितलं. ते हळहळले, आणि म्हणाले, "मुलीला पुलाजवळ येऊ देऊ नका." तलावाभोवती कुंपण घाला म्हटलं तर "पुढच्या सीझनला बघू." मग आम्हीच कारवीचा कुड घातला, छोटं फाटक करून वरच्या बाजूला कडी लावली. पाहुण्यांना तो आवडला नाही. फोटोत वाईट दिसतो म्हणाले.

पाहुणे कोण? तर मालकांनी दुसऱ्या वर्षापासून बंगला शनिवार-रविवार भाड्याने द्यायला सुरुवात केली. आणि इथे माझी गोची आहे, ती लपवत नाही. त्या पाहुण्यांचं जेवण आमचा बचत गट करतो. तांदळाची भाकरी, बोंबील, कोळंबीचं कालवण, थंडीत उकडहंडी. सात घरांत त्यातून पैसे येतात. एकीने मुलीच्या कॉलेजची फी त्यातून भरली. आणि बुकिंग करणारा पहिला प्रश्न हाच विचारतो, "पूल आहे ना?" नाही म्हटलं की फोन ठेवतो. तेव्हा तलाव नकोतच असं मी म्हटलं, तर आमच्या गटातल्याच बायका मला विचारतील, बाई, तुझं पोट भरलेलं आहे म्हणून बोलतेस का?

शिवाय एक दुपार मी विसरू शकत नाही. बंगला रिकामा होता. मालकीणबाई स्वतः आल्या होत्या, स्वभावाने चांगल्या आहेत. म्हणाल्या, "तुम्ही सगळ्या उतरा की पाण्यात." आम्ही नऊ जणी पंजाबी ड्रेसमध्ये उतरलो. त्यातल्या दोघी तर कोळीवाड्यातल्या, जन्म समुद्राकाठी गेला, पण अंगावर पाणी घेऊन मोकळं खेळलं असं कधी नाही. समुद्रावर पुरुषांच्या नजरा असतात, भरतीचं भय असतं. पन्नाशीतल्या एक मावशी दांडा धरून पाय मारत होत्या आणि लहान मुलीसारख्या खिदळत होत्या. मलाही त्या दिवशी पहिल्यांदा पाण्यावर तरंगता आलं, दोन सेकंद का होईना. तलावाचं सुख खोटं आहे असं मी कसं म्हणू? फक्त असा एखादा तालुक्याचा, सगळ्यांचा तलाव असावा, बायकांची वेगळी वेळ असावी, मुलींना पोहायला शिकवावं. मोटर तीच, औषध तेच, आणि बावीस दिवसांऐवजी वर्षभर शेकडो जणी उतरतील.

हे सगळं पैशाने आणि कष्टाने निभावतं. पाण्याचं मात्र निभावत नाही.

तो तलाव चोवीस फूट लांब, बारा फूट रुंद, सरासरी साडेचार फूट खोल. माझ्या मुलाने हिशेब केला, साडेछत्तीस हजार लिटरच्या वर पाणी. केंद्र सरकारने २०१९ साली जलजीवन मिशन सुरू केलं, त्यात माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलंय. म्हणजे एकदा तलाव भरला की पाच माणसांच्या घराचं सव्वाचार महिन्यांहून जास्त दिवसांचं पाणी त्यात गेलं. उन्हाळ्यात रोज पाव इंच पाणी नुसतं उन्हाने उडतं. पाव इंच ऐकायला काहीच नाही, पण मोजलं तर दिवसाला एकशेसत्तर लिटर, तीन माणसांचं पाणी हवेत. दर आठवड्याला वाळूची गाळणी उलटी धुवायची, त्यात दोन पिंपं पाणी गटारात. आणि आपल्याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यात पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन पहाटे निघतात.

पहिल्या वर्षी हे पाणी बंगल्याच्या बोअरमधून काढलं. किनाऱ्याची गंमत अशी की गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असावी तसं. साय ओढून घेतली की खालचं वर येतं. दुसऱ्या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंनी मला चहाला बोलावलं. घोट घेतला आणि मी त्यांच्याकडे पाहिलं. "कळलं ना?" त्या म्हणाल्या. "वरणाची डाळ शिजत नाही पंधरा दिवस." सासऱ्यांच्या काळापासूनची त्यांची विहीर, लग्नकार्याला आळी तिचं पाणी न्यायची, ती मचूळ झाली. एकट्या त्या तलावानेच केलं असं मी म्हणणार नाही. आसपास बंगल्यांच्या बोअर कितीतरी झाल्या आहेत. पण मोटरचं बटण रोज मी सांगितलेल्या वेळेला दाबलं जात होतं. वहीत तास लिहिलेत, माझ्याच अक्षरात.

त्यानंतर मालकांच्या मागे लागून बोअर तलावासाठी बंद केली, टँकर सुरू केला. उन्हाळ्यात महिन्याला एक, दहा हजार लिटरचा, दोन हजारांना. एकदा पाणी फारच बिघडलं, अर्धा तलाव उपसावा लागला, तेव्हा आणखी दोन. टँकर कुठल्या विहिरीवर भरतात, ते मी ड्रायव्हरला एकदा विचारलं. तो नुसता हसला. काकूंची विहीर दोन पावसाळ्यांनंतर थोडी सुधारली. चहा जमतो, डाळ अजून नाही.

ताईंना मी वहीतल्या चार पानांचे फोटो पाठवले. खाली लिहिलं, पूल करणारच असाल तर पुढच्या गोष्टी आधी कबूल करा. बोअरचं पाणी त्यात घालायचं नाही. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी साठवायची टाकी आधी, तलाव नंतर. वर झाकायला ताडपत्री, म्हणजे पाणी कमी उडेल आणि पानं पडणार नाहीत. कुंपण पहिल्या दिवसापासून. जी बाई जाळी मारेल तिचा पगार तिच्या नावावर. आणि मी लक्ष ठेवणार नाही, विचारलंत तर हिशेब सांगेन. शेवटचं वाक्य दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा पाठवलं. थोरल्या नणंदेला असं लिहायला पंचवीस वर्षांचा संसार पाठीशी लागतो.

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी ह्यांच्या फोनवर आलं, माझ्या नाही. रविवारी कंत्राटदाराला घेऊन जागा मोजायला येतायत. "वहिनी रागावली आहे का?" असंही विचारलंय.

रागावले नाहीये. रविवारी सगळ्यांचं जेवण माझ्याकडेच आहे. फक्त चहा मी काकूंकडे ठेवलाय, त्यांच्या विहिरीच्या पाण्याचा.