मृत्युपत्रातील एक सूत्र आणि पत्नीचा वाटा

मृत्युपत्रातले एक अक्षरही न बदलता पत्नीचा वाटा वर्षागणिक आक्रसत जाऊ शकतो, हे अमेरिकेने २००१ ते २०१० या काळात पाहिले. त्यात ना वारसांची लबाडी होती, ना खोट्या सह्या. कर वाचावा म्हणून वकिलांनी सद्हेतूने लिहिलेले एक वाक्य त्यास कारणीभूत होते. त्या वाक्याचा हा इतिहास.

मृताच्या एकूण मालमत्तेवरील संघराज्याचा कर, म्हणजे इस्टेट टॅक्स, अमेरिकेत सप्टेंबर १९१६ मध्ये आला. पहिल्या ५० हजार डॉलरना सूट होती आणि सर्वोच्च दर अवघा १० टक्के. भारतातही १९५३ पासून इस्टेट ड्यूटी होती. ती १९८५ मध्ये रद्द झाल्याने आपल्याकडील नव्या पिढीला हा सारा प्रकार परका वाटतो.

१९८१ च्या कायद्याने पती-पत्नींनी एकमेकांस ठेवलेली मालमत्ता पूर्णतः करमुक्त केली. सर्व काही पत्नीला दिले तर पतीच्या मृत्यूनंतर कर शून्य. मात्र त्यात पतीच्या वाट्याची सूट वाया जाई आणि पुढे पत्नीच्या निधनानंतर सगळी मालमत्ता तिच्या एकटीच्या सुटीखाली येई. वकिलांनी यावर तोडगा काढला: ‘इस्टेट टॅक्स न लागता जास्तीत जास्त जेवढी रक्कम देता येईल, तेवढी ट्रस्टमध्ये जावी, उरलेले सर्व पत्नीला मिळावे.’ सूत्रात आकडा मुद्दामच नव्हता. कायदा बदलला तरी मृत्युपत्र पुन्हा लिहावे लागू नये, ही त्यामागची दूरदृष्टी.

आता ४० लाख डॉलरची मालमत्ता घ्या. २००१ मध्ये सूट ६ लाख ७५ हजारांची होती; तेवढे ट्रस्टमध्ये आणि ३३ लाख २५ हजार पत्नीला. २००९ मध्ये सूट ३५ लाखांवर पोहोचली. मृत्युपत्र तेच, सूत्र तेच. पत्नीच्या हाती ५ लाख. ट्रस्टचे उत्पन्न तिलाच मिळत असेल तर निभावून जाई. पण ट्रस्ट पहिल्या विवाहाच्या मुलांसाठी असेल, तर ती जवळजवळ उघड्यावर पडे.

आणि २०१० मध्ये करच उरला नाही! २००१ च्या कायद्याने तो त्या एका वर्षापुरता उठवला होता. २०११ मध्ये तो परतणार होता. जो करच नाही, तो ‘न लागता’ किती रक्कम देता येते? सगळी की काहीच नाही? शब्दरचनेतील बारीक फरकानुसार दोन्ही उत्तरे निघू शकत होती. व्हर्जिनिया, न्यूयॉर्क यांसारख्या राज्यांना घाईने कायदे करून सांगावे लागले, की अशी वाक्ये २००९ अखेरचा कायदा लागू आहे असे धरून वाचावीत. अखेर डिसेंबर २०१० मध्ये काँग्रेसने हा कर पूर्वलक्षी प्रभावाने पुन्हा आणला; त्या वर्षातील मृतांच्या मालमत्तांना त्यातून बाहेर राहण्याचा पर्यायही दिला.

या साऱ्याचे खापर सहसा काँग्रेसवर फोडले जाते. ते अर्धेच खरे. मागे राहणाऱ्या माणसाला किती लागेल हा प्रश्न मृत्युपत्राने पहिला विचारायला हवा. या सूत्राने तो कधी विचारलाच नाही. पत्नीचा वाटा म्हणजे वजाबाकीत उरलेली बाकी, असे त्याचे रूप होते.

पर्याय उपलब्ध होते. ट्रस्टमध्ये जाणाऱ्या रकमेवर कमाल मर्यादा घालता येई. सर्व पत्नीला देऊन, तिला हवे तर नऊ महिन्यांच्या आत काही भाग नाकारून ट्रस्टकडे वळवण्याची मुभा ठेवता येई. किंवा १९८१ च्याच कायद्यातील तरतुदीनुसार पत्नीला आजन्म उत्पन्न देणारा ट्रस्ट करून, त्यातील किती भागाला वैवाहिक सवलत घ्यायची हे मृत्युपत्राच्या व्यवस्थापकावर सोपवता येई. हे शेवटचे दोन मार्ग अधिक शहाणपणाचे, कारण त्यांत निर्णय त्या वेळचा कायदा डोळ्यांसमोर असलेला जिवंत माणूस घेतो. अर्थात नाकारण्याचा मार्ग विधवेच्या मर्जीवर अवलंबून असतो. सावत्र मुले असलेल्या घरात ती स्वतःहून काही सोडेल ही आशा भाबडी. तिथे मर्यादा घातलेले सूत्रच बरे.

अमेरिकेतील मराठी घरांत आणखी एक गाठ असते. १९८८ पासून, हयात जोडीदार अमेरिकन नागरिक नसेल तर ती अमर्याद वैवाहिक सवलत थेट मिळत नाही. त्यासाठी विशेष प्रकारचा ट्रस्ट लागतो. पत्नी ग्रीनकार्डवर असेल तर ‘उरलेले सर्व पत्नीला’ हे शब्द अपुरे पडतात.

२०११ पासून मृत जोडीदाराची न वापरलेली सूट, विवरणपत्र भरल्यास, हयात जोडीदाराला मिळू शकते, आणि २०२६ मध्ये माणशी सूट दीड कोटी डॉलर आहे. बहुतेक कुटुंबांपुरते सूत्राचे मूळ प्रयोजन संपले. तरी १९९० च्या दशकातील एखादे मृत्युपत्र कपाटात तसेच असेल, तर आज २० लाख डॉलरच्या मालमत्तेतील सगळा पैसा ट्रस्टमध्ये जाईल आणि पत्नीच्या नावे थेट काहीच उरणार नाही. इस्टेट टॅक्स तर तसाही शून्यच होता. वर, तिच्या पश्चात ट्रस्टमधील शेअर विकताना नफा पतीच्या मृत्युदिनाच्या किमतीपासून मोजला जाईल. ते तिच्या नावावर असते, तर तो तिच्या मृत्युदिनाच्या किमतीपासून मोजला गेला असता.