पेट्रोलला सूट, दुखण्याला दर

दरसाल अंदाजपत्रके दोन मांडली जातात. एक पणजीस, दुसरे मुंबईस. दोन्ही भाषणांत सामान्य माणसाचा जयजयकार होतो. परंतु पेडणे व डिचोली तालुक्यांच्या सीमेवर राहणारा माणूस या दोहोंपैकी कोणत्या अंदाजपत्रकातला सामान्य माणूस, याचा उलगडा अद्याप कोणत्याही अर्थमंत्र्याने केलेला नाही. किरणपाणीला माहेर आणि आरोंद्याला सासर, नयबागला शेत आणि सातार्ड्याला मामाचे घर, अशी इकडची रीत. मध्ये तेरेखोलची खाडी आहे. तिच्या एका काठावर एक खजिना संपतो व दुसऱ्या काठावर दुसरा सुरू होतो.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात पेडणे, डिचोली व सत्तरी यांनी फुलावर शिक्के मारले. एकंदर गोव्याने दोन पाने निवडली. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा तो हिशेब. विलीनीकरणवाद्यांनी तो कटू वाटला तरी मानला, आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाल्यावर त्याची फेरतपासणी मागण्याचे कारण उरले नाही. आजही आम्ही ती मागत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. राज्ये दोन राहिली, ठीक. पण त्यांच्या करांचा व खर्चाचा भार सीमेवरच्या एका कुटुंबावर कोणत्या न्यायाने पडतो?

२०१२ सालचे उदाहरण घ्या. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात गोवा सरकारने पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर २० टक्क्यांवरून जवळजवळ शून्यावर आणला. एप्रिलच्या आरंभी लिटरमागे सुमारे ११ रुपये उतरले. पत्रादेवीच्या पंपांवर बांद्याच्या, सावंतवाडीच्या गाड्यांची रांग लागली, आणि इकडच्या लोकांनाही आनंद झाला. तो खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. तथापि त्या आनंदाची वाटणी पाहावी. दोन दिवसांना एक लिटर जाळणाऱ्या स्कूटरवाल्याचे महिन्याला १६५ रुपये वाचले. दिवसाला पाच लिटर जाळणाऱ्या मोटारवाल्याचे १,६५० वाचले. आणि जिच्या दारात कोणतेच वाहन नाही, जी मासळीची पाटी घेऊन बसने म्हापशास जाते, त्या बाईचे काय वाचले? बस डिझेलवर चालते. तिच्या वाट्याला शून्य आले. जो अधिक जाळील त्यास अधिक देणगी, ही त्या सवलतीची रचना होती. गरिबाच्या नावाने जाहीर झालेली सूट दहापट प्रमाणात सधनाच्या टाकीत उतरली. त्याच सरकारने त्याच वर्षी गृहआधार योजना आणून घरातील बाईच्या हाती दरमहा रोख रक्कम दिली, ही गोष्ट मात्र त्याच्या जमेस धरली पाहिजे. तीत मोटार असण्याची अट नव्हती.

आता ही उदारता कोणाच्या जिवावर? गोव्याच्या तिजोरीची भिस्त त्या काळी खाणींवर होती, आणि खाणी कोठे, तर आमच्या डिचोलीत, सत्तरीत, सांग्यात. पोर्तुगीज अमदानीत दिलेले कायमचे खाणपरवाने १९८७ च्या कायद्याने भाडेपट्टे ठरले. चीनच्या मागणीने खनिजाचे भाव आकाशास भिडले, तरी २००९ पर्यंत सरकारचे स्वामित्वधन टनामागे काही ठरावीक रुपये एवढेच होते. पुढे ते किमतीच्या १० टक्के आणि २०१४ साली १५ टक्के झाले. हा दर ठरवण्याचा अधिकार दिल्लीचा. तेव्हा गोवा महाराष्ट्रात विलीन झाला असता तर डिचोलीचे खनिज महाग विकले गेले असते, असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. (विलीनीकरणाचे अध्वर्यू भाऊसाहेब बांदोडकर हे स्वतःही खाणमालकच होते, हेही विसरून चालणार नाही.) मात्र एवढे खरे की, डोंगर डिचोलीचा गेला, शिरगावच्या विहिरी आटल्या, शेतांत खाणमाती उतरली, आणि त्याच्या मोबदल्यात तिजोरीत जे थोडके आले त्याच्या भरवशावर पेट्रोलची सूट वाटली गेली.

तो भरवसा किती टिकला? सहा महिनेसुद्धा नाही. १० सप्टेंबर २०१२ रोजी गोवा सरकारने खाणी थांबवल्या. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पेट्रोलवरचा कर पुढे पायरीपायरीने परत चढला. पण डिचोली-साखळीच्या ज्या तरुणांनी कर्जे काढून ट्रक घेतले होते, त्यांचे हप्ते कोणत्या पायरीने उतरणार होते? अंगणात उभ्या ट्रकच्या टायरांना गवत वेढू लागले आणि बायकांचे दागिने पतपेढीत गेले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे भाडेपट्टे २००७ सालीच संपले होते, आणि विक्रीच्या रकमेपैकी १० टक्के एका कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला. डोंगर एकदाच विकता येतो, तेव्हा त्याचा पैसा चालू खर्चात उडवू नये, ही साधी गृहिणीची अक्कल आमच्या अंदाजपत्रकांस न्यायालयाकडून शिकावी लागली.

२०१८ हे साल सीमेला अधिक बोचले. जानेवारीपासून बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले. परराज्यातील म्हणजे कोण? मुख्यत्वे सिंधुदुर्गातले. अपघात असो, अडलेले बाळंतपण असो, सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाची धाव पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीस. पेडण्याची लेक बांद्यास दिली की ती परराज्यातली झाली. आजारी पडून आईच्या घरी आली तर उपचार मिळे, पण दराने. पेट्रोलच्या सवलतीत जो जितका जाळी तितके त्याला मिळाले होते. येथे जो जितका आजारी तितके त्याच्याकडून घेतले गेले.

याचा परिणाम असा की, दोडामार्ग तालुक्यातील काही गावांतून ‘आम्हांस गोव्यात घ्या’ ही मागणी त्याच साली उघडपणे झाली! १९६७ साली पेडणे महाराष्ट्रात येऊ इच्छीत होते. एक्कावन्न वर्षांनी दोडामार्ग गोव्यात जाऊ इच्छीत होते. हा टोला विलीनीकरणवाद्यांनी निमूटपणे सोसला पाहिजे, कारण तो मुंबईच्या अंदाजपत्रकावर आहे. दुष्काळाच्या नावाने २०१५ साली पेट्रोल-डिझेलवर अधिभार बसवून महाराष्ट्राने सिंधुदुर्गातूनही तो वसूल केला, आणि त्या जिल्ह्याला स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय मात्र पुढच्या दशकात मिळाले.

गोव्याचे समर्थक विचारतात, आमच्या करदात्याने शेजाऱ्याचे औषध का भरावे? प्रश्न अयोग्य नाही. परंतु करदाता कोण, हे एकदा पाहू या. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. जेथे वस्तू खपते त्या राज्याला त्याचा वाटा मिळतो. बांद्याचा कामगार म्हापशास जेवतो, दोडामार्गची बाई डिचोलीच्या बाजारात मुलीचा झगा घेते, तेव्हा तो वाटा पणजीस जातो. पेट्रोल व मद्य हे जिन्नस या करातून वगळलेले. सीमेवर खरी स्वस्ताई उरली ती त्यांचीच, आणि पलीकडचा माणूस ते घेण्यास आला की गोव्याचा खजिना त्याला परका म्हणत नाही. पंपावर आपला असलेला माणूस खाटेवर परका कसा होतो?

महाराष्ट्राने आपल्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून हा खर्च भागवावा, अशी बोलणी झाली. दिशा योग्य आहे. मात्र ती कोणा मंत्र्याच्या मर्जीवर न राहता दोन सरकारांच्या लेखी करारात यावी. तसा करार अशक्य म्हणणाऱ्यांनी तिळारीकडे पाहावे. १९९० च्या करारान्वये दोन राज्यांनी खर्च वाटून धरण बांधले. पाणी दोडामार्गात अडते आणि पेडणे, डिचोली, बार्देशच्या शेतांत उतरते. त्या कालव्याने कोणाचे रहिवासी दाखले तपासले नाहीत. तुये येथे पेडण्यासाठी बांधलेल्या रुग्णालयाची इमारत अनेक वर्षे पुरती वापरात आली नाही, आणि त्यासाठी पेडणेकरांना आंदोलने करावी लागली. तिळारीच्या धर्तीवर ते रुग्णालय दोन्ही खजिन्यांनी मिळून चालवावे, ज्या राज्याचे जितके रुग्ण तितका खर्च त्या राज्याने वर्षाअखेर दुसऱ्यास द्यावा, आणि रुग्णाच्या उशाशी पावतीपुस्तक नेऊ नये. पुढील अंदाजपत्रकात पणजीने त्यासाठी एक शीर्षक उघडावे. मुंबईने तेवढेच दुसरे.