पोचपावतीचे मोल

परदेशी रेडिओ केंद्राला पत्र पाठवून ‘क्यूएसएल’ कार्ड मिळवणे अनेकांना रिकामा उद्योग वाटतो. मला तसे वाटत नाही. नुसत्या स्तुतीवर हे कार्ड मिळत नाही. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळ, फ्रिक्वेन्सी, कार्यक्रमाचा तपशील कळवावा लागतो. आवाज, व्यत्यय, खरखर यांना १ ते ५ गुण द्यावे लागतात. येथे श्रोताच परीक्षक!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आजवर आम्ही अंगठे उठवले ते दुसऱ्याने लिहिलेल्या कागदांवर. आपले लिहिणे कोणी ताडून ‘बरोबर’ म्हणावे, याचे मोल म्हणूनच मोठे. बीबीसी हिंदीचे लघुलहरी प्रसारण २०२० मध्ये थांबले. पण रेडिओ रोमानिया इंटरनॅशनलसारखी केंद्रे अजून कार्डे देतात. टपाल तिकिटे छापणाऱ्या नाशिकच्या विद्यार्थ्यांनी एक पत्र लिहून तर पाहावे!