येत असलेले काम येईनासे होते तेव्हा

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा हंगाम भरात आला की क्रेटच्या थप्प्या, ट्रकांचे भोंगे आणि भावाची घासाघीस यांना खंड नसतो. मंचरच्या बाजार आवारातही तीच गजबज. अशा गजबजाटात वर्षानुवर्षे पेढीचा हिशेब चोख ठेवणारा एखादा तरुण हळूहळू फोन उचलेनासा होतो. ओळखीच्या ग्राहकाशी बोलताना त्याचे शब्द अडतात, साधी बेरीज चुकते, भांड्यांचा आवाजही सोसवत नाही. घरचे म्हणतात, आळस भरला. कोणी सुचवते, लग्न करून द्या, मार्गी लागेल.

तो तरुण स्वमग्न असेल, तर हे ‘ऑटिस्टिक बर्नआउट’ असू शकते. अनेक प्रौढांच्या स्वमग्नतेचे लहानपणी निदानच झालेले नसते; ‘अबोल आहे, पण हुशार आहे’ एवढ्यावर विषय संपतो. अमेरिकेतील डोरा रेमेकर या स्वतः स्वमग्न असलेल्या संशोधकाने सहकाऱ्यांसह २०२० साली स्वमग्न प्रौढांच्या अनुभवांवरून या अवस्थेची व्याख्या मांडली. साधारणतः तीन महिने वा अधिक काळ न हटणारा थकवा, अंगवळणी पडलेली कामे न जमणे आणि आवाज-प्रकाश यांची सहनशक्ती घटणे, ही तिची लक्षणे. मुळाशी असतो चारचौघांसारखे दिसण्याचा अखंड प्रयत्न. नजरेला नजर देणे, हसून स्वागत करणे, गर्दीत बसणे या प्रत्येकासाठी त्या व्यक्तीला जाणीवपूर्वक शक्ती खर्चावी लागते.

अधिकृत रोगसूचीत या अवस्थेचे स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे समुपदेशकही तिला नैराश्य समजण्याची चूक करू शकतो. ही चूक महागात पडते. नैराश्यात ‘बाहेर पडा, माणसांत मिसळा’ हा सल्ला पुष्कळदा उपयोगी ठरतो. इथे तोच सल्ला थकलेल्या बैलावर आणखी एक पोते लादतो. म्हणून जाणता समुपदेशक आधी विचारतो: एकांत मिळाला, आवडीचा विषय मिळाला, तर हलके वाटते का? इच्छा मेली आहे, की इच्छा असून बळ नाही? अर्थात दोन्ही अवस्था एकत्रही असू शकतात. आत्महत्येचे विचार येतात का, हेही स्पष्ट विचारलेच पाहिजे. त्या अभ्यासातील व्यक्तींनीही ते बोलून दाखवले होते. असे विचार असतील तर शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

मंचरहून पुणे साठेक किलोमीटर, जुन्नरहून त्याहून दूर. थकलेल्या माणसाला दर आठवड्याला एसटीने तिथवर नेणे हाही भारच. व्हिडिओवरून किंवा लिहून बोलण्याची सोय समुपदेशकाकडे आवर्जून मागावी. पेढीवर त्याला गल्ल्यावरून उठवून आतल्या खोलीत हिशेबाचे काम द्यावे, फोन दुसऱ्याने घ्यावा. वर्षभर स्वागत समारंभांना तो दिसला नाही तर काही बिघडत नाही. बरे वाटू लागताच पूर्वीचा सगळा भार परत सोपवण्याची घाई मात्र नडते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. तरी स्थळे येणार नाहीत या भीतीने तपासणीच टाळली जाते, आणि लग्नानंतर मुखवट्याचे तास वाढतात. मुलींना तर तो लहानपणापासून अधिक घट्ट बांधायला शिकवलेले असते. नवे घर, नवे स्वयंपाकघर, रोजचे पाहुणे. अशा सुनेला दुपारी तासभर दार लावून एकटे बसू दिले आणि त्याचे कारण कोणी विचारले नाही, तर तिचा दिवस निभावतो.