घर बांधण्यापूर्वीं वही बांधावी

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्याच्या तोंडून प्रथम निघाली, तो या दोन्ही अनुभवांतून होरपळून निघालेला असला पाहिजे. परंतु या दोन खर्चांत एक मोठा फरक आहे. लग्नाचा खर्च कितीहि वाढला तरी मांडव उतरला कीं तो संपतो, आणि त्याची बेरीज करून मनुष्य मोकळा होतो. घराचा खर्च मात्र उघड्यावर वाढत नाहीं. तो जोत्याच्या भरावांत, भिंतीच्या पोटांत आणि रेतीच्या ढिगांत लपून वाढतो, आणि स्लॅब टाकण्याची वेळ आली म्हणजे एकदम डोळ्यांपुढें उभा राहतो. त्या वेळीं मागें फिरतां येत नाहीं व पुढें जाण्यास पैसा नसतो. आमच्या घरीं हा प्रसंग थोडक्यांत टळला. तो कसा टळला हें सांगितल्यास घर बांधूं इच्छिणाऱ्या कुटुंबांस उपयोग होईल, म्हणून या महिन्याचें सदर त्यालाच दिलें आहे.

आमचें मूळ घर बपेऱ्यास. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांतील हें गांव राज्याच्या अगदीं सीमेवर आहे. बावनथडी ओलांडली कीं मध्यप्रदेशांतील बालाघाट जिल्हा लागतो. हा सर्व भाताचा मुलूख. पाऊस जोराचा, आणि जुनीं घरें मातीच्या भिंतींचीं व कवेलूंचीं. आमचें घरहि तसेंच होतें. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेस महापूर येऊन जिल्ह्यांतील नदीकांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें. आमच्या उंबऱ्यापर्यंत पाणी आलें नाहीं खरें. परंतु त्या पावसाळ्यांत मागील भिंतीस जी ओल चढली, ती पुढें कधीं पुरतेपणीं उतरलीच नाहीं. सासूबाईंचा दमा त्याच खोलींत बळावला. तेव्हां घर बांधणें ही हौसेची गोष्ट राहिली नाहीं.

थोरले दीर व जाऊबाई गांवीं राहून शेती पाहतात, आम्ही नोकरीनिमित्त नागपुरास, आणि धाकटे दीर पुण्यास असतात. शेतीचा हिशेब एकत्र आहे. २०२३ च्या दसऱ्यास सर्व मंडळी जमलीं असतां घराचा बेत ठरला. एक हजार चौरस फुटांचें तळमजल्याचें घर. ठेकेदारानें चौरस फुटास १,६०० रुपये दर सांगितला. म्हणजे सोळा लाख. शेतीच्या शिलकेंतून सात लाख, ह्यांच्या भविष्यनिर्वाह निधींतून तीन लाख आणि बँकेचें कर्ज सहा लाख, अशी सोळा लाखांची तोंडमिळवणी झाली. सर्वांस आनंद झाला. जाऊबाईंनीं तर तुळशीवृंदावनाची जागाहि दाखवून ठेविली.

मला शाळेंतील नोकरीमुळें हिशेबाची थोडी संवय आहे. मीं रात्रीं एक कोरी वही घेतली आणि ठेकेदाराच्या कागदावर जें लिहिलेलें नव्हतें तेंच तींत लिहूं लागलें. त्याच्या दरांत जोतें दीड फुटाचें धरलें होतें. महापूर पाहिलेल्या गांवांत तें तीन फुटांचें हवें. अधिक बांधकाम व मुरमाचा भराव यांस ७० हजार. कूपनलिका व पंप ९० हजार. शौचकूप व मोऱ्यांचा निचरा ६० हजार. विजेची जोडणी व घरांतील तारा ८० हजार. स्वयंपाकघरांतील ओटा व कपाटें ५० हजार. कुंपणाची भिंत एक लाख. बेरीज केली तों साडेचार लाख! हीं सर्व कामें आवश्यक अथवा जवळजवळ आवश्यक होतीं, आणि त्यांतील एकहि सोळा लाखांत नव्हतें. ठेकेदारानें कांहीं लपविलें होतें असें नाहीं. आम्ही विचारलेंच नव्हतें. चौरस फुटाचा दर हा पायापासून छपरापर्यंतचा दर असतो. राहण्याजोग्या घराचा तो दर नव्हे, हें प्रत्येक गृहस्थानें पक्कें ध्यानांत ठेवावें.

दुसऱ्या दिवशीं जेवणें झाल्यावर मीं वही सर्वांपुढें ठेविली. कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं. मग सासूबाई आंत गेल्या व आपल्या पाटल्या आणून त्यांनीं वहीवर ठेविल्या. “घर होतें आहे तें माझ्याच छातीपायीं. हें मोडा,” असें त्या म्हणाल्या. थोरल्या दिरांचा चेहरा उतरला. धाकटे दीर म्हणाले, “आई, पाटल्या मोडायच्या त्या कोणाच्या घरासाठीं? मी पुण्यास राहतों. या घरांत माझें काय, तें आजवर कोणीं सांगितलें आहे?” प्रश्न कडू होता, पण तो त्या वेळीं विचारला गेला हें आमचें भाग्य. हाच प्रश्न घर पुरें झाल्यावर निघता, तर घराच्या भिंती उभ्या राहिल्या असत्या आणि माणसें दुरावलीं असतीं.

त्या दुपारीं दोन गोष्टी ठरल्या. पहिली ही कीं, कोणाचा किती पैसा लागला तें वहींत लिहावयाचें, व प्रत्येक पानावर तिघां भावांनीं सही करावयाची. पुढें जागेचे कागद नीट करून घर तिघांच्या नांवें लावावयाचें हेंहि ठरलें. दुसरी गोष्ट अशी कीं, पाटल्या परत पेटींत जावयाच्या आणि तूट कमी करावयाची ती कामांतून. कुंपणाची भिंत पुढें ढकलून तारेचें कुंपण घालण्याचें ठरलें. तेथें ८५ हजार वांचले. जुन्या घराचे सागवानी खांब व तुळया चिरून नवीं दारें-खिडक्या करविलीं. तेथें ७५ हजार. कपाटें मागें टाकिलीं, ४० हजार. ओसरी गाळली, एक लाख. हे तीन लाख झाले. उरलेले दीड लाख धाकट्या दिरांनीं आपण होऊन दिले व वहींत त्यांच्या नांवावर पडले.

येथें एक गोष्ट मात्र प्रांजळपणें सांगितली पाहिजे. ओसरी गाळणें ही आमची चूक झाली. वैशाखांत दुपारीं चार माणसें बसावयास सावलीची जागा नाहीं, आणि सासूबाई अजूनहि संवयीनें दारापर्यंत येतात व परत फिरतात. कपाटें, फरशी, रंग हीं मागाहून होतात; परंतु घराच्या आराखड्यांतून जें एकदां वगळलें तें मागाहून जोडण्यास दुप्पट सायास पडतात. काटकसर शोभेच्या वस्तूंत करावी. जागा, पाया, छप्पर व पाण्याचा निचरा यांत करूं नये.

आतां बांधकामाच्या चार व्यवहारी गोष्टी सांगतें. रेती, गिट्टी व मुरूम ब्रासवर मिळतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आमच्याकडे ट्रॉली येई ती दहा फूट लांब, सहा फूट रुंद व दीड फूट उंच. गुणाकार केला तर नव्वद घनफूट. पैसे मात्र पुऱ्या ब्रासचे घेतले जात. दोरीनें मोजून दाखविल्यावर हा प्रकार थांबला. शिवाय ओली रेती फुगते. म्हणून मोजणी वाळलेल्या रेतीची करावी. पावसाळ्यांत रेतीघाट बंद असतात, तेव्हां लागणारी रेती आधींच टाकून ठेवावी. दहा फूट लांब व दहा फूट उंच अशा नऊ इंची भिंतीस हजाराच्या आसपास विटा लागतात. एवढें एक माप ध्यानांत ठेविलें तर विटांचें बिल डोळे मिटून द्यावें लागत नाहीं.

काळाचाहि हिशेब खर्चांत धरावा. आमच्या मुलुखांत आषाढ-श्रावणांत रोवणी व दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी असते. त्या दिवसांत मजूर मिळत नाहींत, मिळाले तर मजुरी चढते. काम कापणीनंतर काढून पावसापूर्वीं छप्पर घालणें हेंच सोयीचें. स्लॅबवर निदान सात दिवस, आणि कडक उन्हांत दहा दिवस पाणी राहिलें पाहिजे. उन्हाळ्यांत विहीर आटत असेल, तर त्या पाण्याच्या टँकरचाहि खर्च आधींच लिहावा.

कर्जासंबंधीं दोन शब्द. सहा लाखांचें कर्ज साडेआठ टक्के व्याजानें वीस वर्षांत फेडावयाचें असल्यास महिन्याचा हप्ता सुमारें ५,२०७ रुपये येतो, व एकूण बारा लाख एकोणपन्नास हजारांवर रक्कम द्यावी लागते. तेंच पंधरा वर्षांत फेडलें तर हप्ता ५,९०८ आणि एकूण दहा लाख त्रेसष्ट हजार. म्हणजे महिना सातशें रुपये अधिक सोसल्यानें एक लाख शहाऐंशी हजार वांचतात. बँक कर्जाची रक्कम एकदम देत नाहीं. जोतें, भिंती, छप्पर अशा टप्प्यांनीं देते. म्हणून पहिल्या टप्प्याचा पैसा आपला असावा लागतो. गांवठाणांतील जागेस पुष्कळ ठिकाणीं ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो. तो कर-आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० सालीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत गांवठाणांची मोजणी होऊन मिळकतपत्रिका देण्यांत येतात. ती मिळत असल्यास आधीं हातीं घ्यावी व मगच बँकेची पायरी चढावी.

सप्टेंबर २०२५ मध्यें सिमेंटवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आमचें सिमेंट त्यापूर्वींच लागून गेलें होतें! भावांची अशी चढउतार कोणाच्या हातीं नसते. म्हणून सर्व बाबी लिहून झाल्यावर एकूण रकमेच्या दहावा हिस्सा ‘अकल्पित’ या नांवानें निराळा ठेवावा, आणि त्यास शक्य तों हात लावूं नये. आम्हांस तो ठेवितां आला नाहीं, व शेवटचे दोन महिने कसे गेले तें आमचें आम्हीच जाणतों.

मध्यमवर्गाच्या घरांचा असा सांगोपांग विचार आपल्याकडे नवा नाहीं. पुण्याचे इंजिनिअर आर. एस. देशपांडे यांनीं १९३५ सालीं हिंदुस्थानांतील मध्यमवर्गासाठीं स्वस्त व आरोग्यदायक घरें या विषयावर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहिला होता. स्वस्त आणि आरोग्यदायक हे दोन शब्द त्यांनीं ग्रंथाच्या नांवांतच एकत्र घातले, यांतच सर्व कांहीं आलें.

२०२४ च्या मृगापूर्वीं आमच्या घराची वास्तुशांत झाली. सासूबाईंच्या खोलीची भिंत त्या पावसाळ्यांत कोरडी राहिली. वही अजून देवघराच्या फडताळांत आहे. तींत तीन सह्यांचीं पानें आहेत आणि शेवटच्या पानावर थोरल्या दिरांनीं आपल्या हातानें एक बाब लिहून ठेविली आहे: ‘ओसरी, पुढील धानाच्या पैशांतून प्रथम.’